बिनगंजाचं पातं

गंज हा शब्द आमच्या घरात शिवीच्या पंक्तीला बसलेला होता. जेवताना तो उच्चारायचा नाही, सणासुदीला तर नाहीच, आणि कुणा गिऱ्हाइकाच्या तोंडून आप्पांसमोर निघालाच तर त्या माणसाला आमच्याकडे बसायला पोतंसुद्धा मिळायचं नाही. निपाणीच्या अलीकडे, मोटारीच्या रस्त्याला लागून आमची लोहारसाळ होती. पुढे साळ, मागे दोन खोल्या आणि खोल्यांना चिकटून गोठा, त्यात एक म्हैस आणि दोन शेळ्या. वडील, म्हणजे आप्पा, सांडशीत लाल लोखंड धरून हातोडा चालवायचे, समोरून आई पदर खोचून घण मारायची आणि भाता ओढायला मी. मोठी बहीण, म्हणजे आक्का, लग्न होऊन खानापूरकडे गेल्यापासून भाता माझ्याकडे आला होता. भात्याचा फुसफुसाट आणि घणाचे ठोके यांच्यातच आम्ही जेवायचो, बोलायचो, भांडायचो. हुलग्याचं माडगं चुलीवर रटरटत असायचं आणि त्याच्या वासात लोखंडाचा वास मिसळलेला असायचा. नुसत्या माडग्याचा वास आला की मला आजही काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

पंचक्रोशी तंबाखूची. तंबाखू कापायची ती थंडी सरता सरता, पण त्यासाठीच्या सुऱ्या आप्पा घडवायचे पावसाळ्यात. म्हणजे तयार पात्यांना चार-पाच महिने ओल्या हवेत काढायचे असत. भिंतींना बुरशी येई, कपडे वाळत नसत, मीठ पाझरे, आणि अशा हवेत आप्पांची पाती आरशासारखी राहत. "पातं गंजलं तर आणून टाका, नवं घेऊन जावा," हा आप्पांचा शब्द होता. माझ्या आठवणीत एकही पातं परत आलं नाही. आप्पांना अक्षर येत नव्हतं, जमीन नव्हती, मुलगा नव्हता. त्यांच्याकडे हा एवढा एक शब्द होता आणि तो राखायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं, कारण माझ्या हाताला घाम येत नसे. आक्काने पात्याला बोट लावलं की दुसऱ्या दिवशी तिथे तिच्या बोटाचा ठसा तांबूस होऊन उठे. बिचारी आक्का! बाकी सगळ्यात ती माझ्याहून हुशार, पण पात्याजवळ तिला कुणी फिरकू देत नसे, आणि मी त्याचा भरपूर तोरा मिरवून घेतला.

लाल पातं पाण्यात बुडवून, म्हणजे पाणी पाजून माझ्याकडे येई तेव्हा काळं, खवलेदार असे. मी ते कानशीने घासायची, मग विटेचा वस्त्रगाळ भुगा चिंधीवर घेऊन एकाच दिशेने घासत राहायची, खांदा भरून येईपर्यंत. चेहरा दिसू लागला की पुसायचं आणि विस्तवाच्या धगीवर फक्त ऊब द्यायची, म्हणजे आत दडलेली ओल उडून जाते. गरम असतानाच करडईचं तेल, दोन थेंब, जास्त नाही. आणि शेवटी डेरा. गोठ्यात म्हशीच्या अंगाची ऊब लागेल अशा कोपऱ्यात एक मातीचा डेरा गळ्यापर्यंत पुरलेला होता. त्यात शेण्यांची, म्हणजे गोवऱ्यांची राख आणि वाळल्या शेणाचा भुगा, निम्मानिम्मा. त्यात पाती उभी खुपसून ठेवायची. "नुस्ती राख लोखंडाला चावती," आप्पा सांगत, "शेण मिसळलं की ती शांत हुती." भुगा कमी झाला की मी गोठ्यातलाच खरवडून, चाळून त्यात घालायची. ही युक्ती आप्पांच्या आजोबांची, आणि ती आम्ही जातभाईंनाही सांगत नव्हतो. पातं बाहेर काढलं की फुंकर मारायची, पदराला पुसायचं. झालं. पाणी मात्र त्यानंतर कधीच लावायचं नाही.

त्या वर्षी श्रावणात आक्का पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. आमच्याकडे एक रीत होती. लोहाराच्या लेकीच्या बाळाची नाळ परक्या हत्याराने कापायची नाही. त्यासाठी आजोबाने बोटभर लांबीचं नवं पातं घडवायचं. नाळ कापली की ते नुसतं फडक्याने टिपायचं, धुवायचं नाही, बाळाच्या उशाखाली ठेवायचं आणि पाचवीला, सटवाईच्या पूजेला, पाट्यावर मांडायचं. तेव्हा त्यावर गंजाचा ठिपका दिसला तर बाळाच्या आयुष्यात खोट, असं समजत. रक्ताने लोखंड किती लवकर गंजतं हे घासणाऱ्यालाच ठाऊक. त्यामुळे हे पातं म्हणजे आप्पांचीही परीक्षा आणि माझीही. मी तेरा वर्षांची होते. ते बोटभर पातं मी चार दिवस घासलं. नेहमी दोन थेंब तेल, त्याला मी सहा वेळा दिलं, आणि डेऱ्यातला भुगा नवा, ताजा खरवडून घातला.

आक्काला सकाळी कळा सुरू झाल्या आणि दुपारच्या आत ती मोकळी झाली. गंगव्वा सुईण आतून ओरडली, "ताने, पातं आण गं!" मी गोठ्यात धावले, पातं उपसलं, फुंकर मारली, परकराला पुसलं आणि दिलं. मुलगा होता. गोरापान, आणि दूध ओढायला असा वाघ की आक्का कळवळून हसायची. पाचवीला विहीणबाई, म्हणजे आक्काच्या सासूबाई, लोंढ्याहून आगगाडी आणि पुढे मोटार करून आल्या. त्यांनी पाट्यावरचं पातं उचललं, दारात नेऊन उजेडात फिरवलं. डाग नव्हता. "लोहार खरा हाय बाबा," असं त्या म्हणाल्या आणि आप्पांनी मान खाली घालून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता आयुष्यात आणखी काही मिळवायचं उरलं नाही. त्या दिवशी मी घुगऱ्या इतक्या खाल्ल्या की पोट दुखलं.

सातव्या दिवशी सकाळी बाळ दूध घेईना. आक्का स्तन तोंडाशी नेई, ते ओठ हलवी, पण तोंड उघडत नव्हतं. आईने करंगळीवर मध घेऊन पाहिलं, करंगळी आत जाईना. साळेत आप्पांनी काम सुरू केलं आणि ऐरणीवर हातोड्याचा पहिला ठोका पडला. त्याबरोबर बाळ टाचेपासून डोक्यापर्यंत ताठ झालं, पाठीची कमान झाली, मुठी वळल्या. आई आणि आक्का बघतच राहिल्या. दुसरा ठोका पडला, पुन्हा तसंच. तिसऱ्याला आईच्या लक्षात आलं आणि ती बाळंतिणीच्या खोलीतून ओरडत साळेत धावली, "थांबवा हो! तुमच्या ठोक्यानं पोर वाकालंय!" आप्पांचा हात वरच राहिला. मी त्यांच्यासमोर भात्याशी होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी नंतर पुष्कळ चेहऱ्यांवर पाहिलं, पण पहिल्यांदा पाहिलं ते तिथे. आपल्या हाताच्या आवाजाने आपला नातू मोडतो आहे, हे कुणाच्या ध्यानीमनी असतं?

हातोडा थांबला. भाता थांबला. पण म्हैस हंबरली तरी बाळ वाकायचं, भांडं वाजलं तरी वाकायचं. गंगव्वाने अंगारा लावला, कुणी सटवाई फिरली म्हणालं. आम्ही चोरासारखे पाय न वाजवता घरात फिरत होतो. नवव्या दिवशी उजाडताना ते गेलं. शेवटपर्यंत त्याचा जबडा मिटलेलाच होता आणि ते रडू शकलं नाही. रडण्याचा आवाज न करता मूल जातं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

अंगण माणसांनी भरलं होतं. विहीणबाई एकदम आप्पांकडे वळल्या. "पातं गंजलेलं हुतं. लपवलंसा तुमी. गंजक्या पात्यानं माझा नातू घेतलासा." आप्पा उठले. आत गेले, बाळाच्या उशाखालचं पातं आणलं आणि अंगणात सगळ्यांसमोर तळहातावर धरलं. "दावा," ते म्हणाले. "एक ठिपका दावा, मी आजपास्नं ऐरणीला हात लावत न्हाय." माणसं एकेक करून पुढे आली, वाकून बघून गेली. ठिपका नव्हता. विहीणबाईंनीही पाहिलं, उलटसुलट पाहिलं, आणि परत दिलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "पातं चांगलं हाय. मग खोट हिच्या दुधात हाय." आणि बोट आक्काकडे केलं.

मला वाटलं होतं की पातं स्वच्छ निघालं म्हणजे आमची सुटका झाली. खरं सांगते, ते निघालं तेव्हा मला आनंद झाला होता, त्या अंगणात, मेलेलं मूल आत असताना. पुढच्या क्षणी दुधातली खोट हा शब्द आक्काच्या पदरी पडला. पाच वर्षं तिने तो शब्द सोसला. सासरी तिच्या हातचं दुसऱ्यांच्या लेकरांना देत नसत. दाजी भला माणूस, पण त्याचं दुसरं लग्न करायचं बोलणं दर दिवाळीला निघे.

या पाच वर्षांत माझं लग्न झालं आणि वर्षात मोडलंही, कारण नवराच राहिला नाही. ती हकिगत वेगळी आहे, इथे नको. मराठी चौथी झाली होती म्हणून बेळगावच्या एका दवाखान्यात मला आधी आया म्हणून आणि मग सुईणपणाच्या शिक्षणाला घेतलं. आम्ही सातजणी होतो, कंग्राळीच्या दोघी, शहापूरच्या विणकरांतली एक, बाकी इकडच्या तिकडच्या. एक दिवस शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुमच्या गावाकडे नाळ कशाने कापतात?" कुणी विळा म्हणालं, कुणी जोंधळ्याच्या ताटाचं धारदार चिपाट म्हणालं. मी ऐटीत उभी राहिले. म्हटलं, आमच्याकडे नवं पातं असतं, गंजाचा ठिपका नसतो. बाई खूश झाल्या. "शाब्बास. गंजू नये म्हणून कशात ठेवता?" घरची गुप्त युक्ती सांगावी की नाही असा क्षणभर विचार केला, आणि सांगितली. तेल, राख, गोठा, शेणाचा भुगा, सगळी.

बाईंनी खडू खाली ठेवला. माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्या पात्याने नाळ कापलेलं मूल आठव्या-नवव्या दिवशी गेलं का गं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं. मला खरोखरच वाटलं की आमच्या गावचं कुणीतरी इथे येऊन गेलं असावं.

"तोंड मिटलं होतं? आवाजाने वाकायचं?"

मी मान हलवून खाली बसले. बाईंनी पुढे सगळ्यांना समजावून सांगितलं की धनुर्वाताचं विष जनावरांच्या शेणात, गोठ्याच्या मातीत असतं, डोळ्याला दिसत नाही, नाळेच्या ओल्या जखमेतून आत जातं. गंजाचा त्याच्याशी तसा संबंध नाही. लखलखीत पात्यावरही ते असतं. मी ऐकत होते आणि माझ्या नाकात डेऱ्याचा वास येत होता. ताजा भुगा. खास आक्कासाठी म्हणून ताजा खरवडलेला. आज इतकी बाळंतपणं करून झाल्यावर मी हेही जाणते की गंगव्वाचे हात, नाळ बांधायचा दोरा, तिने बेंबीवर दाबलेली राख, यांतलं काहीही असू शकतं. नेमकं काय ते आता कुणी सांगू शकत नाही. हे मी दुसऱ्या एखाद्या मुलीला नक्की सांगेन. स्वतःला सांगून पाहिलं, फारसा उपयोग झाला नाही.

त्याच महिन्यात आईचा निरोप आला की आक्काला पुन्हा दिवस गेलेले आहेत, नववा सरत आलाय, ती माहेरी आली आहे. मी रजा काढली आणि निपाणीची मोटार धरली. वाटभर एकच विचार होता. सांगितलं तर आप्पा मरतील, आणि नाही सांगितलं तर ते मूल.

आप्पा साळेतच होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "आलीस व्हय? बरं झालं. आक्काचं पातं घडवलंय. तुझ्यागत घासाय येत न्हाय कुणाला, तरी घासलंय."

"कुठाय ते?"

"कुठं असंल? डेऱ्यात."

"आप्पा, ते काढा. ते पाण्यात उकळाय पायजे."

ते हसले. "पात्याला उकळतं पाणी? खुळी झालीस काय गं? दवाखान्यात ह्ये शिकवालेत व्हय तुला? तासाभरात तांबडं हुईल."

"होऊ दे तांबडं," मी म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं. बाईंनी सांगितलं तसंच, एका दमात, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. आप्पा ऐकत ऐरणीच्या ठोकळ्यावर टेकले. मग एखाद्या मुलाने विचारावं तसं म्हणाले, "पर पातं चांगलं हुतं की गं. तू बघितलंस न्हवं? एक ठिपका न्हवता."

"न्हवता आप्पा."

"समद्यांनी बघितलं."

"व्हय."

"मी तळहातावर धरलंतं," ते म्हणाले, आणि तोंडावर पटका घेऊन रडले. आप्पांना रडताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं की भुगा मी घातला होता, पातं मी आणून दिलं होतं. त्यांनी ते ऐकलंच नाही, किंवा ऐकायचं नाही असं ठरवलं. उठले, गोठ्यात गेले. डेऱ्यात तंबाखूच्या सुऱ्यांची पाती होती, ती एकेक काढून फडक्याने पुसून ओळीने ठेवली, सवयच ती. मग कुदळीने डेरा उकरला आणि डोक्यावर घेऊन उकिरड्यावर रिकामा केला. आजोबांची युक्ती होती ती. आई दारात उभी राहून विचारत होती, "आवो, काय करालासा ह्ये?"

आक्का पंधरा दिवसांनी बाळंत झाली. नाळ मी कापली. पातं तपेल्यात खळखळा उकळलं होतं, धरायची सांडशीही उकळली होती, आणि चुलीपाशी राखण करत आप्पा स्वतः बसले होते, उकळत्या पाण्यात नाचणाऱ्या पात्याकडे बघत. मुलगी झाली. पातं मी पुसून बाजूला ठेवलं, तेल लावलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यावर तांबूस ठिपके आले आणि पाचवीपर्यंत ते इतकं गंजलं की हात लावला तर बोटं लाल होत. आईने ते विटेच्या भुग्याने घासायला घेतलं. आप्पांनी तिच्या हातातून काढून घेतलं आणि तसंच पाट्यावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं.

विहीणबाई आल्या होत्याच. त्यांनी पातं पाहिलं आणि किंचाळल्या, "अगं बाई! ह्ये काय? गंजलंय की!"

"गंजलंय," आप्पा म्हणाले. शेजारपाजारच्या बायका होत्या, दाजी होता, गंगव्वा होती. आप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "मागल्या खेपंला गंजलं न्हवतं, आन् त्याच पात्यानं पोर गेलं. शेणातलं इख हुतं त्याच्यावर. दिसत नसतंय ते. मी लावलंतं, माझ्या हातानं. माझ्या लेकीच्या दुधात कवाच खोट न्हवती, विहीणबाई. तिला जे बोलला ते मला बोला."

विहीणबाई गंजक्या पात्याकडे बघत राहिल्या. आक्काने आप्पांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. पातं कोण घासत होतं, कोण गोठ्यात धावलं होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने मुलगी उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "घे, पाय अवघडल्यात माझं."

आता सातवा, आठवा आणि नववा दिवस जायचा होता. बाळ जन्मल्यापासून साळ बंद होती. गिऱ्हाइकं येऊन परत जात होती. रोज सकाळी मी बाळाच्या ओठांवर करंगळी ठेवून बघायची आणि आप्पा दाराबाहेर उभे राहून माझा चेहरा बघायचे. नववा दिवस गेला. दहाव्या दिवशी सकाळी आप्पांनी भट्टी पेटवली, लोखंड लाल केलं, ऐरणीवर धरलं, पण हातोडा उचलेनात. आतून आक्का म्हणाली, "मारा आप्पा." आई पाळण्याच्या दोरीला हात लावून उभी होती. मी बाळावर वाकले होते.

ठोका पडला. बाळ दचकलं, हात पसरले, आणि त्याने तोंड उघडलं, एवढं मोठं की टाळू दिसली, आणि अशी बोंब ठोकली की रस्त्यावरचा माणूस थांबला. आक्का हसत होती, रडत होती. "मारा आप्पा," ती ओरडत होती, "अजून मारा!"